चेंडूसह आणि चेंडूविना



शाळेच्या हॉकी संघाची निवड होताना तुम्ही कधी पाहिली आहे का? पद्धत साधारण सगळीकडे सारखीच असते. मैदानावर एका ओळीत पाच-सहा खुणा मांडतात. खेळाचे सर शिट्टी फुंकतात. एकेक मुलगा किंवा मुलगी स्टिकने चेंडू नेत त्या खुणांमधून नागमोडी जाते, शेवटच्या खुणेला वळसा घालते आणि तशीच परत येते. सरांच्या हातातले घड्याळ थांबते, वहीत एक आकडा पडतो. सगळ्यांची पाळी झाली की आकडे चढत्या क्रमाने लावतात, पहिली सोळा नावे वाचतात आणि बाकीची मुले दप्तरे उचलून घरी जातात.

दिवाळीच्या सुट्टीनंतर आमच्या सेलू तालुक्यात अशी एक निवड मी कुंपणाशी उभा राहून पाहिली. सातवीतली एक काटकुळी मुलगी होती. तिच्या हातातली स्टिक तिच्या कमरेच्या बरीच वर येत होती, कारण शाळेकडे ज्या चार स्टिक होत्या त्या सगळ्या मोठ्या माणसांच्या मापाच्या. तरीही चेंडू तिच्या स्टिकला चिकटल्यासारखा चालला होता. परतीच्या वाटेवर चौथ्या खुणेपाशी तो जमिनीच्या भेगेत गेला, उसळला आणि दोन हात बाजूला पडला. तिने धावत जाऊन तो गाठला आणि फेरी पूर्ण केली. यादीतल्या शेवटच्या मुलीपेक्षा तिला सेकंदाचा दहावा भाग जास्त लागला होता. सर वाईट माणूस नव्हते. त्यांनी तिला घड्याळ दाखवले आणि म्हणाले, "आकडा आहे पोरी, मी काय करू?"

ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. मी विज्ञान शिकवतो. हॉकीतले मला फारसे कळत नाही, पण मोजमापातले थोडेफार कळते. आकडा आला की वाद संपला, असे आपण व्यवहारात धरून चालतो. प्रयोगशाळेत मात्र आकडा आला की प्रश्न सुरू होतात. कशाने मोजले? किती वेळा मोजले? आणि जे मोजायचे होते तेच मोजले गेले का?

या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्या दिवशी त्या मैदानावर नव्हती. म्हणून माझे मत स्पष्टच सांगतो. चेंडू नेण्याचे कौशल्य एका फेरीच्या, एका घड्याळाच्या, एका आकड्यावरून ठरवू नये. त्यासाठी निदान दोन आकडे हवेत, ते पुन्हा पुन्हा घेतलेले हवेत, आणि दुसरा आकडा मिळवायला एक पैसाही खर्च येत नाही.

आधी कौशल्य म्हणजे काय ते पाहू. हॉकीच्या स्टिकची फक्त डावी बाजू सपाट असते आणि चेंडू त्याच बाजूने खेळावा लागतो. चेंडू डावीकडून उजवीकडे आणायचा तर स्टिक उलटी फिरवावी लागते. हे फिरवणे डाव्या हाताचे काम. तो मुठीच्या टोकाशी असतो. उजवा हात खाली सैल धरलेला असतो आणि स्टिक त्यातून फिरते. चेंडूचे वजन १५६ ते १६३ ग्रॅम आणि परीघ २२४ ते २३५ मिलिमीटर, म्हणजे मोठ्या मोसंब्याएवढा. तो गडगडता चेंडू पावलांच्या पुढे योग्य अंतरावर राखत, स्टिक क्षणाक्षणाला उलटसुलट फिरवत धावायचे. मेजर ध्यानचंद हे इतक्या सफाईने करीत, की हॉलंडमध्ये त्यांची स्टिक मोडून आत लोहचुंबक आहे का ते पाहिले, अशी आख्यायिका सांगतात. (ही गोष्ट वर्गात निघाली की मी मुलांना विचारतो, की चुंबक असता तरी काय झाले असते? त्या काळचा चेंडू आत बुचाचा आणि वरून चामड्याचा. त्यात लोखंड कुठे होते?)

बर्फावरची हॉकी आपण चित्रपटात किंवा दूरदर्शनवर पाहतो; आपल्या देशात ती लडाखमध्ये गोठलेल्या तळ्यांवर खेळतात. तिथे चेंडूऐवजी कठीण रबराची चपटी चकती असते. तिचे वजन साधारण चेंडूएवढेच, पण ती गडगडत नाही, घसरते. सामन्यापूर्वी ती गोठवूनही ठेवतात, म्हणजे उसळत नाही. स्टिकच्या दोन्ही बाजू वापरता येतात. खेळ वेगळा, पण प्रश्न तोच: हातांचे कौशल्य मोजायचे कसे?

या प्रश्नावर बऱ्याच लोकांनी डोके खाजवले आहे. अमेरिकेत श्मिटहाल्स आणि फ्रेंच या दोन शिक्षिकांनी १९४० साली महाविद्यालयीन मुलींसाठी मैदानी हॉकीच्या चाचण्या प्रसिद्ध केल्या. त्यांत चेंडू नेणे, हुलकावणी देणे आणि शेवटी फटका मारणे अशी एक सलग फेरी घड्याळ लावून मोजत. बर्फावरच्या हॉकीसाठी मेरिफील्ड आणि वॉलफर्ड यांनी १९६९ साली चाचण्यांचा एक संच तयार केला. त्यात नुसते पुढे घसरण्याचा वेग, मागे घसरण्याचा वेग आणि अडथळ्यांमधून चकती नेणे या गोष्टी वेगवेगळ्या मोजल्या होत्या. हे वेगवेगळे मोजणे महत्त्वाचे, लक्षात ठेवा. पुढे १९८२ मध्ये चॅपमन यांनी पायच बाजूला ठेवले. जमिनीवर एक लहान वर्तुळ काढायचे आणि १५ सेकंदांत चेंडू स्टिकने त्या वर्तुळाच्या आत-बाहेर किती वेळा नेता येतो ते मोजायचे. धावणे नाही, म्हणून धावण्याचा गोंधळही नाही.

परंतु हॉकी उभे राहून खेळायचा खेळ नाही. धावता धावता हात कसे चालतात हे कळले पाहिजे. नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन विद्यापीठातील लेमिंक, एल्फेरिंक-गेम्सर आणि फिशर यांनी यावर एक सोपी युक्ती केली आणि २००४ साली प्रसिद्ध केली. तरुण खेळाडूंना एकच वाट दोनदा धावायला लावायची. एकदा नुसती स्टिक हातात घेऊन, एकदा चेंडू नेत. एक वाट सरळ मागेपुढे पळण्याची होती आणि दुसरी शंकूंमधून नागमोडी. दोन्ही वेळा मोजायच्या. चेंडूमुळे जो वेळ वाढला, तो चेंडूचा खर्च! काही आठवड्यांच्या अंतराने त्याच खेळाडूंची पुन्हा परीक्षा घेऊन, आकडे टिकून राहतात का हेही त्यांनी तपासले.

ही वजाबाकी एका उदाहरणाने स्पष्ट करतो. उदाहरण माझे, कल्पनेतले आहे. समजा राजू चेंडूविना ९.० सेकंदांत फेरी करतो आणि चेंडूसह १४.१ सेकंदांत. नसीमला चेंडूविना १०.६ सेकंद लागतात आणि चेंडूसह १४.५. आपल्या नेहमीच्या पद्धतीत वहीत १४.१ आणि १४.५ एवढेच लिहिले जाते. राजू पुढे, नसीम मागे. पण वजाबाकी करून पाहा. चेंडूने राजूचे ५.१ सेकंद खाल्ले आणि नसीमचे ३.९. पाय राजूचे चांगले आहेत आणि हात नसीमचे. एकाच आकड्यात हे दोन्ही मिसळून गेले होते, जसे पाण्यात मीठ आणि साखर एकत्र विरघळावे.

इथे खेळाचे सर मला अडवतील, आणि त्यांनी अडवलेच. ते म्हणाले, "सामन्यात कोण वजाबाकी करतो? जो आधी पोचला त्याचा चेंडू." मुद्दा खरा आहे. उद्या सकाळी अंतिम सामना असेल आणि एकच जागा उरली असेल, तर राजूला घ्या. माझी हरकत नाही. पण बारा वर्षांच्या मुलांची निवड उद्याच्या सामन्यासाठी नसते. आज निवडलेल्या मुलांनाच वर्षभर स्टिक मिळते, मैदान मिळते, सरांचा वेळ मिळतो. पाय वयाबरोबर लांब होतात आणि धाव आपोआपही सुधारते. स्टिक फिरवणारे मनगट मात्र कोणाच्याही अंगावर उंचीबरोबर उगवत नाही. शिवाय वजाबाकीचा फायदा राजूलाही आहे. "तू हरलास" किंवा "तू जिंकलास" यापेक्षा "तुझे पाच सेकंद चेंडूत जातात" हे त्याला जास्त उपयोगी. उद्यापासून काय करायचे ते त्याला कळले.

आता घड्याळाकडे वळू. बटण दाबणारा अंगठा किती चपळ असतो, हे तुम्ही वर्गातच मोजू शकता. मित्राने एक फूटपट्टी उभी धरावी, शून्य खाली. तुम्ही अंगठा आणि बोट शून्यापाशी उघडे ठेवा. न सांगता त्याने पट्टी सोडली की पकडा. पट्टी २० सेंटिमीटर घसरली असेल तर तुम्हाला सुमारे ०.२ सेकंद लागले, १५ सेंटिमीटर घसरली असेल तर सुमारे ०.१७ (अंतर बरोबर गुरुत्वत्वरणाचे निम्मे गुणिले काळाचा वर्ग, हे सूत्र नववीच्या मुलांना येते). म्हणजे धावणारा रेषा ओलांडतो आणि घड्याळ थांबते यांत एवढा वेळ जाऊ शकतो. कधी सर रेषेचा अंदाज घेऊन आधीच बटण दाबतात, तेव्हा चूक उलट बाजूला होते. मैदानी शर्यतींत १०० आणि २०० मीटरचे हाती घेतलेले वेळ विजेच्या यंत्राच्या वेळांशी ताडून पाहताना ०.२४ सेकंद मिळवण्याची रीत आहे, ती उगीच पडलेली नाही. मग सेकंदाच्या दहाव्या भागाने घरी गेलेल्या त्या मुलीविषयी घड्याळाने नेमके काय सांगितले? माझ्या मते काहीच नाही. ज्या काट्यावर किलोच कळतात त्यावर ग्रॅमची भांडणे सोडवण्यासारखे ते आहे.

माझ्या वजाबाकीतही इथे एक खोट आहे, ती लपवणे बरे नव्हे. दोन मोजमापे वजा केली म्हणून त्यांतल्या चुका वजा होत नाहीत. पहिल्या वेळेत ०.२ सेकंदाची चूक एका बाजूला आणि दुसरीत तेवढीच दुसऱ्या बाजूला झाली, तर फरकात ०.४ ची चूक येते. म्हणून एकेका फेरीची वजाबाकी करून उपयोग नाही. प्रत्येकाला चेंडूविना चार आणि चेंडूसह चार फेऱ्या द्याव्यात. चार मोजमापांची सरासरी घेतली की सुटी-सुटी, इकडेतिकडे होणारी चूक सरासरीने निम्मी होते. त्याआधी एक फेरी मोजल्याविना सोडून द्यावी, कारण पहिल्यांदा वाट नवी असते. दोन फेऱ्यांत पुरेशी विश्रांतीही हवी, नाहीतर शेवटच्या फेरीत आपण कौशल्याऐवजी दम मोजत बसू.

अंगठ्याचा प्रश्न सोडवायला आज तर फारच सोपे झाले आहे. कोणाच्या तरी खिशात मोबाइल असतोच. तो सुरुवातीच्या रेषेच्या अगदी सरळ बाजूला, विटांवर टेकवून स्थिर ठेवा आणि चित्रण करा. साधारण मोबाइल सेकंदाला ३० चित्रे घेतो. चित्रे एकेक करून पुढे सरकवली की पाय रेषेवर आला तो क्षण सेकंदाच्या तिसाव्या भागापर्यंत सापडतो. शिवाय चित्रण राहते. चेंडू भेगेत गेला की हातातून सुटला, याचा निवाडा दुसऱ्या दिवशीही करता येतो.

भेगेवरून मैदानाची गोष्ट निघाली. मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती हीच, आणि हिच्याविषयी कोणी बोलत नाही. सेलूची जमीन काळी, कापसाची. पावसात ती फुगते आणि पायाला किलोकिलोचा चिखल चिकटतो. पाणी आटले की आकसते आणि तिला भेगा पडतात. उन्हाळ्यात काही भेगांत आख्खा हात जातो. शाळांची मैदाने मुरूम टाकून सपाट करतात, पण दोन पावसाळ्यांत खालची काळी माती पुन्हा डोके वर काढते. दुसरीकडे १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून मोठी हॉकी कृत्रिम हिरवळीवर गेली आहे. पिंपरीच्या मेजर ध्यानचंद मैदानावर चेंडू सरळ रेषेत जातो, कारण त्याला दुसरीकडे जायला कारणच नसते. आमच्या मैदानावर त्याला वाटेत दहा कारणे भेटतात. तेव्हा सेलूच्या मुलीचे १४.५ सेकंद आणि पिंपरीच्या मुलीचे १४.५ सेकंद यांची तुलना करणे म्हणजे डांबरी रस्त्यावरची सायकल आणि नांगरलेल्या रानातली सायकल यांची शर्यत लावणे होय.

यावर उपाय असा, की मुलांची परीक्षा घेण्याआधी मैदानाची घ्यावी. प्रयोग सोपा आहे. एक गुळगुळीत फळी घ्या, मध्ये चेंडू नीट चालेल अशा दोन पट्ट्या ठोका. फळीचे एक टोक जमिनीवर आणि दुसरे २० सेंटिमीटर उंच ठेवा. वरून चेंडू न ढकलता सोडा आणि फळी संपल्यावर तो किती दूर गडगडत जातो ते मोजा. दहा वेळा मोजा, चार दिशांना मोजा. चेंडूची उंचीमुळे मिळालेली ऊर्जा जमिनीच्या विरोधात खर्च होते. वस्तुमान दोन्ही बाजूंना सारखे असल्याने ते गणितातून निघून जाते आणि उंचीला अंतराने भागले की जमिनीच्या विरोधाचा ढोबळ आकडा मिळतो. समजा चेंडू ४ मीटर गेला, तर ०.२ भागिले ४, म्हणजे ०.०५. तुमच्या मैदानाच्या कोपऱ्यात एक, गोलाजवळ दुसरा आणि प्रार्थनेच्या फरशीवर तिसरा आकडा येईल. एकाच मैदानावर दोन दिशांना वेगळे आकडे आले तर समजा की उतार आहे. जिथे आकडे एकमेकांशी जास्तीत जास्त जुळतील ती पट्टी निवडीसाठी राखून ठेवा, आणि सगळ्यांना त्याच पट्टीवर, त्याच चेंडूने, शक्यतो त्याच दिवशी धावू द्या. विज्ञान प्रदर्शनासाठी दरवर्षी ज्वालामुखी करून कंटाळला असाल, तर हा विषय मी तुम्हाला फुकट देतो.

खुणांसाठी विटा मांडू नका. पडलेल्या मुलाचा गुडघा फुटतो. जुन्या पाण्याच्या बाटल्यांत निम्मी वाळू भरली की त्या वाऱ्याने पडत नाहीत आणि लागतही नाहीत. पहिली बाटली रेषेपासून ३ मीटरवर, पुढच्या पाच दोन-दोन मीटरवर. ज्याची उंची कमी त्याला लहान स्टिक द्या. लांब स्टिकचे वजन हातापासून दूर जाते आणि ती फिरवायला जास्त जोर लागतो. मोठ्या खुरप्याने लहान वाफा निंदून पाहिला असेल तर तुम्हाला हे सांगायला नको.

वयाचा मुद्दा थोडक्यात सांगतो. शालेय स्पर्धांत १४ वर्षांखालील गटासाठी एक ठरावीक तारीख असते. त्या तारखेच्या एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला जन्मलेल्या मुलांत, एकाच गटात असूनही, जवळजवळ वर्षाचा फरक पडू शकतो. वाढीच्या भरात मूल वर्षाला आठ-नऊ सेंटिमीटर उंच होते. कॅनडात बार्न्स्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली दाखवून दिले, की बर्फावरच्या हॉकीतील निवडक खेळाडूंमध्ये जानेवारी ते मार्च या काळात जन्मलेल्यांची गर्दी असते आणि वर्षअखेरीस जन्मलेले फार थोडे. तिथे गटाची तारीख १ जानेवारी होती. लहानपणी जे काही महिन्यांनी मोठे होते त्यांना हुशार समजून निवडले, चांगले शिक्षण दिले, आणि मग ते खरोखरच हुशार झाले. आपल्याकडे याचा अभ्यास करू म्हटले तर वेगळीच अडचण. हजेरीपट उघडून पाहा. जुन्या पटांत तर निम्म्या वर्गाचा जन्म १ जूनचा! शाळेत नाव घालताना गुरुजींनी जी तारीख लिहिली ती कायमची. तेव्हा कागदावरच्या वयावर फार न विसंबता चेंडूविना धावण्याचा आकडा पाहावा. आज लांब असलेल्या पायांचा फायदा बराचसा त्या आकड्यात जाऊन बसतो आणि वजाबाकीत गळून पडतो.

शिक्षक मित्रांना बी.एड्.च्या पुस्तकांतले विश्वसनीयता आणि सप्रमाणता हे दोन शब्द आठवत असतील. पुन्हा मोजले तर तेच उत्तर येते का, ही विश्वसनीयता. जे मोजायचे तेच मोजले का, ही सप्रमाणता. आतापर्यंतची माझी बडबड बहुतेक पहिल्या शब्दाविषयी झाली. दुसऱ्याविषयी माझी खात्री कमी आहे. बाटली चेंडू हिसकावून घेत नाही. ती जागेवरून हलत नाही आणि हुलकावणीला फसतही नाही. बाटल्यांमधून खाली मान घालून सुंदर चेंडू नेणारा मुलगा सामन्यात समोरच्या खेळाडूवर जाऊन आदळतो, हे मीही पाहिले आहे. एल्फेरिंक-गेम्सर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेदरलँड्समधल्या होतकरू खेळाडूंची तुलना केली, तेव्हा वरच्या दर्जाचे खेळाडू वेगळे उठून दिसले ते तीन गोष्टींत: चेंडू आपल्याकडे असताना डावपेचांची समज, मनापासून खेळण्याची इच्छा, आणि नागमोडी वाटेने चेंडू नेण्यातली सफाई. तिसऱ्याच गोष्टीला घड्याळ लागते.

पहिल्या गोष्टीचा थोडा अंदाज घ्यायला एक गंमत करता येते. चेंडूसह फेरी चालू असताना वाटेच्या टोकाला एक मुलगा उभा करा. त्याने दर दोन-तीन सेकंदांनी बोटे दाखवायची आणि धावणाऱ्याने मोठ्याने आकडा सांगायचा. ज्याचे हात शिकलेले आहेत त्याला चेंडूकडे टक लावून पाहावे लागत नाही. त्याचा वेळ फारसा वाढत नाही आणि आकडेही चुकत नाहीत. ज्याला प्रत्येक स्पर्श डोळ्यांनी करावा लागतो तो एकतर आकडा चुकतो नाहीतर चेंडू सोडतो. हेही काही अंतिम माप नव्हे. पण मान वर करून खेळायला मुले या खेळातून हसत शिकतात, आणि तेही निवडीच्या दिवसापलीकडे उपयोगी आहे.

धनराज पिल्ले पुण्याच्या खडकीत, दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीतल्या धुळीच्या मैदानांवर मोडक्या स्टिक आणि टाकून दिलेले चेंडू घेऊन हॉकी शिकला. पुढे तो १९९२ ते २००४ या काळात चार ऑलिंपिक खेळला. खडबडीत मैदान हाताला बरेच काही शिकवीत असावे, असे मला कधी कधी वाटते. पण म्हणून मैदाने खडबडीतच राहू द्यावीत, असे मात्र मी म्हणणार नाही. प्रश्न एवढाच मनात येतो, की त्या मोडक्या स्टिकच्या दिवसांत कोणी त्याला बाटल्यांच्या ओळीतून एकदाच पळवून वहीत एक आकडा लिहिला असता आणि त्यावरून घरी पाठवले असते तर?

क्रीडा प्रबोधिनीसारख्या संस्थांत प्रवेशासाठी उंची, वजन, ३० मीटर धाव, उभ्याने लांब उडी, ८०० मीटर धाव अशा चाचण्या होतात. त्या शरीराची तयारी दाखवतात आणि त्या कामासाठी त्या चांगल्याच आहेत. तालुक्याच्या पातळीवर आपल्या हातात आहे ते आधीचे काम. तिथपर्यंत कोणाला जाऊ द्यायचे, ही पहिली यादी खेळाचे सर करतात, आणि तिच्यावर पुढे कोणी दाद मागत नाही. म्हणून त्या वहीत दोन रकाने असावेत, चार फेऱ्यांची सरासरी असावी, वर एका कोपऱ्यात मैदानाचा आकडा असावा, आणि ज्यांच्या सरासरीत घड्याळाच्या चुकीएवढाच फरक आहे त्यांना सारखे समजावे. सारखे आले तर दोघींना छोट्या सामन्यात उतरवून डोळ्यांनी पाहावे. सरांच्या डोळ्यांवर माझा घड्याळापेक्षा जास्त विश्वास आहे. घड्याळ हातात आले की ते डोळे मिटतात, एवढीच माझी तक्रार.

आमच्या सरांना हे सारे मी दोन संध्याकाळी चहावर सांगितले. पहिल्या संध्याकाळी ते रागावले. दुसऱ्या संध्याकाळी त्यांनी विचारले, "फळी किती लांब घ्यायची?" गेल्या आठवड्यात त्यांनी चारपैकी एक स्टिक सुताराकडून वरच्या टोकाला चार बोटे कापून आणली आणि मुठीवर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली. पुढची निवड जुलैत आहे. वहीत दोन रकाने आखून झाले आहेत, आणि ती मुलगी आता आठवीत गेली आहे.